घरकामगार भगिनींचे हक्क व आपले कर्तव्य

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला विषय दिला होता 'बाबासाहेब आणि कामगार चळवळ'. आम्ही गिरणी कामगार, तेव्हा आम्ही गिरणीवर बोलणार असे सर्वांनी धरले असेल. पण गिरणी तर बंद पडली. तिचा भोंगा आठवून किती वर्षे रडायचे? आज या वस्तीतला सगळ्यात मोठा कामगारवर्ग कोणता, याचा विचार केला तर उत्तर आपल्या समोरच बसले आहे. तो सकाळी सहाला डबा न घेता बाहेर पडतो, चार-पाच घरांची धुणीभांडी, केरलादी, पोळ्या करतो आणि दुपारी तीनला घरी येऊन स्वतःच्या घरची भांडी घासतो. त्याला हजेरी कार्ड नाही. त्याला आपण कामगारसुद्धा म्हणत नाही, 'बाई' म्हणतो.

इथे बसलेल्या किती भगिनी घरकामाला जातात, त्यांनी कृपया हात वर करावा. (सुरुवातीला चार-पाच हात वर झाले. थोड्या वेळाने बऱ्याच भगिनींनी हात वर केले.) बघा, पहिले चार हात लगेच आले आणि बाकीचे हळूहळू आले. मधल्या वेळात काय झाले? लाज आडवी आली. चोरी करत नाही, भीक मागत नाही, घाम गाळून खातो, तरी हात वर करायला लाज वाटते. आज आम्हाला याच लाजेवर बोलायचे आहे. कारण ती लाज आमच्या घरातही होती.

आम्ही काही पंडित नाही. नववीत शाळा सुटली. पुढचे जे काही वाचले ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि रात्रपाळीच्या सुट्टीत. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर पदरात घ्या.

एकाच घरात दोन कामगार

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमचे वडील रिंग खात्यात होते. आम्ही तेव्हा शाळेत. पहिले तीन महिने घरातले साठवलेले गेले, मग आईची माळ गेली, मग दुकानदाराने उधारी बंद केली. एक दिवस आई शेजारच्या काकूबरोबर दादरकडे गेली आणि तीन घरांची कामे धरून आली. संप मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही, तसे आईचे कामही थांबले नाही. पुढे वीस-बावीस वर्षे ती जातच राहिली.

वडिलांना उशिराने का होईना, गिरणीत परत घेतले. १९८८ मध्ये आम्हीही बदली कामगार म्हणून साचा खात्यात लागलो. म्हणजे घरात आता दोन प्रकारचे कामगार झाले. एक गिरणीचे, एक घरकामाचे. त्या दोघांचा हिशेब आज आम्ही आपल्यापुढे मांडतो.

वडिलांच्या हाताला मशीन लागले तेव्हा इ.एस.आय.च्या दवाखान्यात उपचार झाले आणि रजेचे पैसे मिळाले. आई एका घरी लादी पुसताना घसरली आणि तिचे मनगट मोडले. सरकारी इस्पितळात प्लास्टर घातले. आठ दिवसांनी निरोप आला की दुसरी बाई ठेवली आहे. मोडलेल्या महिन्याचे बारा दिवसांचे पैसेही बुडाले.

वडिलांना आठवड्याची सुट्टी होती, भरपगारी रजा होती, फंड कापला जायचा, दिवाळीला बोनस होता, निवृत्त होताना ग्रॅच्युइटी मिळाली. आईला दिवाळीला एक साडी मिळायची, ती देणाऱ्या बाईंनी दोन वर्षे नेसलेली. बावीस वर्षे काम करून निवृत्त झाली तेव्हा तिच्या हातात काय होते? सोड्याने आणि राखेने फाटलेली बोटे.

हा फरक का पडला? वडील जास्त काम करत होते म्हणून? नाही. वडिलांच्या मागे फॅक्टरी अॅक्ट १९४८ होता, इ.एस.आय.चा कायदा १९४८ होता, बोनसचा १९६५ चा आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा होता. आणि कायद्याच्या मागे युनियन होती. आई जिथे राबत होती त्या जागेला कायद्याच्या लेखी नाव 'घर' होते. घर म्हणजे कारखाना नाही, घरमालक म्हणजे मालक नाही, आणि म्हणून बाई म्हणजे कामगार नाही. सगळा खेळ एवढाच.

यात आमचा दोष आम्ही लपवत नाही. गिरणीत कोणी विचारले, आई काय करते, तर आम्ही 'घरीच असते' म्हणून सांगायचो. युनियनच्या गेट मीटिंगला कामगार एकजुटीच्या घोषणा दिल्या, पण त्या घोषणेत स्वतःची आई आम्ही धरली नव्हती. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली होती, "तुमच्या बापाला मुकादम शिव्या देतो, पण हजेरी तर लावतो. माझी हजेरी कोण लावतं?" हे वाक्य आम्हाला त्या वेळी समजले नाही. पुढे २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गिरणीचे दार बंद झाले, हजेरी घेणारे कोणी राहिले नाही, तेव्हा समजले.

वेगळा कप

आपल्या बापजाद्यांना गिरणीत साचा खात्यात घेत नसत, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. कारण काय? धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त मजुरीच्या कामाचे दार आपल्याला बंद. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. भांडवलदाराशी लढता, पण शेजारच्या कामगाराला खात्यात येऊ देत नाही, ही कसली एकजूट, असा त्यांचा रोख होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले.

हे दोन्ही शत्रू एकाच जागी पाहायचे असतील तर ज्या घरात बाई कामाला येते त्या स्वयंपाकघरात जावे. पगार कमी ही भांडवलशाही आणि कप वेगळा ही दुसरी. आईचा चहाचा कप गॅलरीच्या कठड्यावर पालथा ठेवलेला असायचा, कान तुटलेला. सगळ्या घरची भांडी तिच्या हाताने घासलेली चालत, पण तिच्या ओठाचा कप आत चालत नसे. आज कप गेला असेल तर लिफ्ट आली आहे. काही सोसायट्यांत बाईने वेगळ्या लिफ्टने जायचे. दिवसभर ज्यांचे संडास धुवायचे त्यांच्या घरी तिने मात्र लघवीला जायचे नाही. किती भगिनींना त्यापायी मुतखडा आणि लघवीचे आजार जडले, ते त्यांनाच विचारा.

धम्म काय सांगतो

आता कोणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? हा तर युनियनचा विषय. बंधुभगिनींनो, हा विषय विहारातच पाहिजे, कारण तथागतांनी तो अडीच हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे.

दीघ निकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाचा सिगाल नावाचा गृहपतिपुत्र सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडत असतो. तथागत त्याला सांगतात की दिशा म्हणजे आकाशातल्या जागा नव्हेत, दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी-मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, आणि खालची दिशा म्हणजे दास आणि कामकरी. लक्षात घ्या, घरात राबणाऱ्यालाही वंदनीय दिशांत जागा दिली आहे. ज्या काळात दासाला वस्तू समजत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्या खालच्या दिशेकडे मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. आमच्या भाषेत सांगायचे तर अशी: झेपेल तेवढेच काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात सांभाळ करावा. घरात काही गोडधोड, विशेष केले तर त्यातला वाटा द्यावा. वेळोवेळी सुट्टी द्यावी. ही पाचही कर्तव्ये आजच्या कायद्याच्या भाषेत लिहून काढा. कामाचे तास, वेतन, वैद्यकीय मदत, बोनस, रजा. वडिलांना गिरणीत जे मिळाले आणि आईला जे मिळाले नाही, ती नेमकी हीच यादी आहे!

कामकऱ्याचीही पाच कर्तव्ये त्याच सुत्तात आहेत. काम नीट करावे, दिलेलेच घ्यावे, मालकाची बदनामी करू नये वगैरे. तीही आम्ही भगिनींना सांगतो. न सांगता खाडा करू नये, एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेऊ नये. पण दोन्ही बाजूंना पाच-पाच आहेत, हे मालकांनी विसरू नये. बाईने प्रामाणिक असावे ही अपेक्षा सगळेच करतात. आपली पाच कर्तव्ये कोणी मोजत नाही.

थेरीगाथेतली पुण्णा आठवा. ती पाणी भरणारी दासी होती. मालकिणीच्या शिक्षेच्या भीतीने थंडीत नदीत उतरायची. तीच पुढे थेरी झाली आणि नदीत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने निरुत्तर केले. तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या बाईला अक्कल नसते असे म्हणणाऱ्याने आधी पुण्णा वाचावी.

कायदा काय देतो, काय देत नाही

आता कायद्याकडे येऊ. माहिती नसेल तर हक्क कागदावरच राहतो, म्हणून जरा तपशिलाने सांगतो.

आपल्या राज्यात १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला. कोणाच्या स्वप्नातही नव्हते की या बायका संप करतील. तेव्हापासून संघटनांनी मोर्चे काढले, धरणे धरले आणि अठ्ठावीस वर्षांनी, २००८ साली, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वयाच्या घरेलू कामगाराला मंडळात नोंद करता येते. नोंदीत कामगाराला बाळंतपणाची मदत, मृत्यूनंतर अंत्यविधीची मदत अशा योजना आहेत. पण हा कायदा कल्याणाचा आहे. भांडी-लादीचा दर किती, सुट्टी किती, हे तो ठरवत नाही. कर्नाटक, केरळ, राजस्थान या राज्यांनी घरकाम किमान वेतनाच्या यादीत घातले होते, हे आपल्या पुढाऱ्यांना विचारायला हरकत नाही.

नोंदीसाठी मालकाचा दाखला लागतो आणि घोडे तिथेच पेंड खाते. बाई दाखला मागायला गेली की मालक म्हणतो, "मी सही केली तर उद्या माझ्यावर केस होईल." काही होत नाही हो! ती सही म्हणजे फक्त आमच्या आईने मागितलेली हजेरी आहे. २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांत शासनाने नोंदीत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. या वस्तीत ज्यांची नोंद नव्हती किंवा नूतनीकरण राहिले होते, त्यांना काही मिळाले नाही. एका सहीची किंमत ही अशी असते.

२६ ऑगस्ट २०२१ पासून केंद्राचे ई-श्रम कार्ड आहे. सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगाराला ते काढता येते आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत. पैसे मागणाऱ्या एजंटाला देऊ नका.

२०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा घरकामगार भगिनीलाही लागू आहे. त्या कायद्यात घर हे कामाचे ठिकाण मानले आहे. जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. भगिनींनो, 'काम जाईल' म्हणून गप्प बसू नका. महिला मंडळाने अशा भगिनीबरोबर जावे, तिला एकटी सोडू नये.

आणि चौदा वर्षांखालील मूल घरकामाला ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून बंद आहे. गावाकडची भाची 'शिकायला आणली' म्हणून तिच्याकडून भांडी घासून घेणे, हेही त्यातच येते. हे आम्ही मुद्दाम बोलतो, कारण हे आपल्यातही चालते.

आता काय मिळाले नाही ते सांगतो. १६ जून २०११ ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. कामाच्या अटी स्पष्ट, शक्यतो लेखी सांगाव्यात, आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती द्यावी, पगार निदान महिन्याला द्यावा, असे त्यात आहे. भारताने बाजूने मत दिले, पण तो करार आपल्या देशाने अजून मंजूर करून लागू केलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळली आहे. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला सांगितले होते. समित्या होतात. पण आईचे मनगट मोडले तेव्हाही बाईच्या कामाला पुरा कायदा नव्हता, आजही नाही.

मग कायदा येईपर्यंत काय करायचे? इथे आम्ही दुसऱ्यांना सोडून आपल्याकडे वळतो.

मालक कोण?

गेल्या वर्षी आमच्या मुलाने कल्याणच्या पुढे फ्लॅट घेतला. सून आणि मुलगा दोघे नोकरीला. त्यांच्याकडे एक बाई येते. आम्ही दोन दिवस राहायला गेलो होतो. सकाळी चहा झाला, बाईंनी ओट्याखालून एक स्टीलचा पेला काढला, चहा घेतला, धुतला आणि परत ओट्याखाली ठेवला. तो पेला बघितला आणि आमच्या डोळ्यापुढे आईचा कान तुटलेला कप उभा राहिला. तो कठडा सवर्णाच्या घरचा होता. हा ओटा आमच्या मुलाचा होता! भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती.

आम्ही त्याच वेळी बोललो असे सांगितले असते तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. पण खरे सांगतो, आम्ही बोललो नाही. मुलाचे घर, सुनेचे राज्य, वाद नको म्हणून चहा पिऊन परत आलो. महिनाभर झोप नीट लागली नाही. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा विषय काढला. कळले की बाई तापाने तीन दिवस आल्या नव्हत्या आणि तीन दिवसांचे पैसे कापले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, सोसायटीत सगळेच असे करतात. आणि पगाराचं मला माहीत नाही, ते ही बघते."

तेव्हा सूनबाई बोलल्या, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला लागले. त्या म्हणाल्या, "बाबा, बाई ठेवली की वाईट मीच. हिला किती देतो, सुट्टी किती, यांनी कधी विचारलं? यांनी दोन भांडी घासली असती तर बाई लागली असती का? आणि तुम्ही तरी आजींना घरात कधी सुट्टी दिली होती?" आम्ही निरुत्तर झालो. पोरगी खरे बोलली. मालकीण म्हणून बाईला बदनाम करायचे आणि पुरुषाने नामानिराळे राहायचे, हे जुने आहे. ज्याच्या घरात काम होते तो मालक. मग त्याला पगाराचा आकडा माहीत असो वा नसो.

त्या दिवशी चौघांनी बसून बोलणे केले. चौथ्या त्या बाई. तीन दिवसांचे पैसे परत दिले. महिन्याला चार सुट्ट्या, आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत, दिवाळीला एक पगार जादा, असे वहीत लिहिले. मुलाने दाखल्यावर सही केली. त्या बाई आधी घाबरल्या, कागदावर सही म्हणजे काहीतरी लफडे असेल असे त्यांना वाटले. पेला ओट्याखालून वर आला. त्या बाई कोणत्या समाजाच्या, हे आम्ही विचारले नाही आणि विचारायचे कारणही नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बोलले. जो स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेतो त्याने तिच्या विश्रांतीचा भार उचलावा, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी तिथे जात विचारली नव्हती.

आपण काय करायचे

मोर्चे काढावे लागतील, कायदा मागावाच लागेल. पण तोपर्यंत ज्यांच्या घरी बाई येते अशा आपल्या विहाराच्या कुटुंबांनी पुढील गोष्टी आजपासून सुरू कराव्यात, अशी विनंती आहे.

१. कामाचे स्वरूप, वेळ, पगार आणि सुट्ट्या वहीत लिहाव्यात. एक प्रत बाईकडे द्यावी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी.
२. महिन्याला किमान चार भरपगारी सुट्ट्या द्याव्यात. आजारपणात पगार कापू नये.
३. वर्षातून एक पगार बोनस द्यावा. जुनी साडी म्हणजे बोनस नव्हे.
४. चहाचा कप, पाणी, बसायची जागा आणि संडास एकच असावा.
५. मंडळाच्या नोंदीसाठी दाखला मागितला तर त्याच दिवशी सही करावी.
६. पाहुणे आले, काम वाढले, तर जादा पैसे द्यावेत. काढायचे असेल तर एक महिना आधी सांगावे.

विहार कमिटीला एकच मागणी आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडावे. आपली कॉलेजला जाणारी मुले-मुली तिथे बसतील आणि घरकामगार भगिनींचे मंडळाचे व ई-श्रमचे अर्ज भरून देतील. कोणत्याही समाजाची बाई आली तरी तिचा अर्ज भरायचा. १६ जून हा आंतरराष्ट्रीय घरकामगार दिन आहे. तोपर्यंत या वस्तीतली एकही भगिनी नोंदीवाचून राहू नये, एवढा संकल्प करू या.

आमची आई आज नाही. तिची हजेरी कुठल्याच रजिस्टरात नाही. म्हणून या स्मरणिकेत ती लावून घ्यावी, असे आम्हाला वाटले. पुढच्या वर्धापन दिनी कोणी विचारील, घरकामाला कोण जाते? तेव्हा सगळे हात एकदम वर यावेत, एवढेच आमचे मागणे आहे.